एक कावीळ उतरली, दुसरीचे काय?

पेण असो की रोहा, पावसाळा लागला की आमच्या वाड्यावस्त्यांतून काविळीची बातमी येऊ लागते. मग कोणी गळ्यात माळ घालायला सांगतो, कोणी हात धुऊन पिवळे पाणी दाखवतो, कोणी नाकात रस पिळतो. काही आठवड्यांत डोळे पांढरे होतात आणि घरची माणसे म्हणतात, "उतरली कावीळ!"

दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते. माळ लांबते ती गाठी सैल झाल्यामुळे. हाताचे पाणी पिवळे होते ते झाडाच्या सालीचा रस चुन्याशी मिसळल्यामुळे. पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच एक विषाणू ठाण मांडून बसला आहे, त्याने माळेच्या भरवशावर दिवस घालवले तर ते जिवावर बेतते.

कावीळ हे लक्षण आहे. तिच्यामागे हिपॅटायटिसचे मुख्य पाच विषाणू असू शकतात. ए आणि ई दूषित अन्नपाण्यातून येतात. बी, सी आणि डी रक्तातून येतात. बी तर शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. बी आणि सी वर्षानुवर्षे शरीरात गुपचूप राहतात. डोळे पिवळे नसतात, माणूस कामावर जात असतो आणि आत लिव्हर आक्रसत असते. पुढे जलोदर, कधी कर्करोग.

आणि मुख्य गोष्ट ही, की एक विषाणू आहे म्हणून दुसरा येणार नाही, असे मुळीच नाही.

डी हा तर बीच्या आधाराशिवाय वाढूच शकत नाही. आंब्यावरचे बांडगूळच म्हणा ना. इटलीचे डॉ. मारिओ रिझेटो यांनी १९७७ साली तो दाखवून दिला. बी आणि डी एकत्र आले की लिव्हर लवकर खराब होते. मात्र बीची लस घेतली की दोघांपासूनही बचाव होतो.

बी आणि सी यांची वाट एकच: दुसऱ्याला वापरलेली सुई, न तपासलेले रक्त, न्हाव्याचा तोच वस्तरा, गोंदवण्याची सुई. सी आता बहुतेकांचा गोळ्यांनी, साधारण १२ आठवड्यांत, पूर्ण बरा होतो. पण सी गेला की दबलेला बी उसळू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. म्हणून सीचे औषध सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी झालीच पाहिजे. बीच्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

तिसरी जोडी आमच्या भागात विसरून चालणार नाही. आधीच आजारी लिव्हरवर पाण्यातला ए किंवा ई आला, की माणूस काही दिवसांत बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ईची होती, हे पुढे कळले. २०१२ मध्ये इचलकरंजीत हाच ई पसरला आणि माणसे दगावली. गरोदर बायांनाही ई फार घातक.

पेणच्या खारेपाटाने टँकरच्या पाण्यावर कितीतरी उन्हाळे काढले. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो लढा समतेचा होता. मग आपल्या वाडीच्या विहिरीत टीसीएल पावडर पडते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारायला आपण का कचरावे? तोवर पाणी उकळूनच प्यावे.

आणखी एक. बी किंवा सीच्या रोग्याचे ताट वेगळे करू नका. एकत्र जेवल्याने, जवळ बसल्याने हे विषाणू लागत नाहीत. वेगळ्या कपाचे दुःख आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. ते आपल्याच घरात नको. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले होते. रोग्यानेही पाचवे शील कसोशीने पाळावे. खराब लिव्हरला दारूचा एक घोटही विष.

२८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तिथे सोय नसेल तर अलिबागला जिल्हा रुग्णालयात विचारावे. एक विषाणू सापडला असेल तर "डॉक्टर, बाकीच्यांची तपासणी केली का?" हा प्रश्न न लाजता विचारा. घरच्यांचीही तपासणी करून घ्या. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बीची लस द्या. मोठ्यांनी सहा महिन्यांत तीन डोस घ्यावेत.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सारी वाडी जमते. त्यातली एक संध्याकाळ स्थानिक मंडळाने या विषयासाठी राखून ठेवावी, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवावे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून तपासणीला जावे. एवढे झाले तरी एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचेल.

जयभीम!