विवाहनोंद आणि परदेशगमन

चोपडा तालुक्यातील नववधूला ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या पतीकडे जावयाचे असेल, तर तिला सामान्यतः उपवर्ग 309 च्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. अर्जाच्या वेळी अर्जदार ऑस्ट्रेलियाबाहेर असावा, अशी त्याची अट आहे. हा व्हिसा तात्पुरता असून, कायम व्हिसाचा विचार बहुधा अर्जानंतर दोन वर्षांनी होतो.

लग्नपत्रिका व छायाचित्रे एवढ्याने भागत नाही. आर्थिक व्यवहार, घराची जबाबदारी, आप्तेष्टांतील ओळख आणि परस्परांशी बांधिलकी यांचे पुरावे मागितले जातात. एकत्र कुटुंबातील सुनेच्या नावे संयुक्त खाते कोठून असणार! तेथे पतीने पाठविलेल्या पैशांच्या पावत्या उपयोगी पडतात.

मूळ कागद मात्र गावातच तयार होतो. 1998 च्या महाराष्ट्र अधिनियमान्वये विवाहाची नोंद 90 दिवसांत, तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी करावयाची असते. लग्नात बदललेले नाव प्रमाणपत्रावर आणि माहेरचे नाव पारपत्रावर राहिले, तर एकाच स्त्रीच्या दोन स्त्रिया होतात व खुलासे देण्यात महिने जातात. विवाहानंतर पारपत्रावरील नाव बदलणे सक्तीचे नाही. म्हणून नोंद करतेवेळीच वधूचे पारपत्र मागून घ्यावे व नावातील अक्षर न् अक्षर त्याच्याशी ताडून पाहावे.