बोगद्याचं तोंड कुठे उघडतं?

१९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपणारा प्रोग्राम सापडला. दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी तेव्हा टेलनेट वापरत, आणि त्यात पासवर्ड जसाच्या तसा तारेतून जाई. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने मग कूटबद्ध जोडणी करणारं एसएसएच लिहिलं. त्याने पोर्ट मागून घेतला २२ क्रमांकाचा: २१ वर एफटीपी, २३ वर टेलनेट, मधला रिकामा.

एसएसएचची मोठी करामत म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. डेटाबेस फायरवॉलच्या आड असतो, बाहेरून थेट गाठता येत नाही. पण आत पोहोचणाऱ्या एखाद्या सर्व्हरशी एसएसएच जोडणी असेल, तर तिच्या पोटातून, जणू बोगद्यातून, डेटाबेसची ये-जा होऊ शकते. प्रोग्रामरच्या संगणकावरच्या पोर्टवर आलेली विनंती कूटबद्ध होऊन पलीकडे उतरते. प्रोग्रामच्या लेखी डेटाबेस इथेच, याच संगणकावर आहे!

२०१३ मध्ये प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं डॉकर आलं आणि ‘इथेच’चा अर्थ बदलला. कंटेनरला लिनक्स स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कचं स्वतःचं वेगळं जग, देतं. त्यामुळे कंटेनरच्या आत १२७.०.०.१ हा ‘इथेच’चा पत्ता कंटेनरचा स्वतःचा, यजमान संगणकाचा नव्हे. बोगदा यजमानावर उघडलेला, प्रोग्राम कंटेनरमध्ये; ५४३२ या पोर्टवर पोस्टग्रेस या डेटाबेसला कितीही हाका मारा, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हेच उत्तर. बोगदा शाबूत असतो, फक्त त्याचं तोंड दुसऱ्याच घरात उघडलेलं असतं.

घाईत काहीजण ते तोंड ०.०.०.० वर, म्हणजे यजमानाच्या सगळ्याच नेटवर्कांवर उघडतात. काम लगेच होतं, पण फायरवॉल आड आली नाही तर त्याच वायफायवरच्या परक्यालाही डेटाबेसचं दार दिसू लागतं. ही पळवाट धरूच नये. बोगद्यासाठी वेगळा कंटेनर चालवून त्याला आणि प्रोग्रामच्या कंटेनरला एकच नेटवर्क नेमस्पेस द्यावी. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबेरनेटीसच्या पॉडमध्ये, म्हणजे कंटेनरांच्या गटात, नेमकं हेच घडतं. मग १२७.०.०.१ दोघांचा सामायिक होतो, आणि बाहेर काहीच उघडं राहत नाही.

बोगद्याची एसएसएच जोडणी उघडणारी प्रायव्हेट की मात्र, कंटेनर ज्यावरून बनतो त्या इमेजमध्ये कधीही कोंबू नये. इमेज थराथरांनी बनते; वरच्या थरात फाइल पुसली तरी खालच्या थरात ती तशीच राहते, आणि इमेज मिळालेला कुणीही ती उकरून काढू शकतो.

कूटलेखन भक्कम असलं तरी टोकं जपावी लागतात. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं. माग काढत ते एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या लायब्ररीपाशी पोहोचले. तिच्यात चोरदरवाजा पेरलेला होता. काही लिनक्स वितरणांत एसएसएच सर्व्हर तीच लायब्ररी आडवळणाने वापरत होता. त्यांपैकी डेबियनच्या चाचणी आवृत्तीत चोरदरवाजा पोहोचलाही होता. स्थिर आवृत्ती तेवढी वाचली.