हाताला कळलेलं लाकूड (भाग 6) : कान झाका, ऐकणं चालू ठेवा

कटर मशीनचं बटण सोडलं तरी पातं लगेच थांबत नाही. काही सेकंद ते स्वतःच्या वेगावर फिरत राहतं. डोळस सुतार त्याच्याकडे पाहून हात आवरतो. न दिसणारा सुतार कानावर विसंबतो. सुरुवातीची किंकाळी उतरत जाते, तिची घरघर होते, मग अगदी बारीक सळसळ उरते. ती विरल्यावरच त्याचा हात लाकडाकडे जातो. साधा इअरमफ घातला की नेमकी ही शेवटची सळसळ हरवते, आणि बोटांना धोका सर्वांत जास्त असतो तो त्याच क्षणी.

मागच्या भागात बोटांनी मापं कशी घ्यायची ते पाहिलं. आज कानांबद्दल लिहितो आहे, कारण या एका बाबतीत डोळस माणसासाठीचा सल्ला अंध सुताराला जशाच्या तसा लागू पडत नाही.

पांढुर्णा-सौसर पट्ट्यात घरचं सुतारकाम म्हणजे ओसरी, अंगण, नाहीतर टिनाची शेड. तान्ह्या पोळ्यासाठी नातवाला लाकडी नंदी, देवघर, एखादा पाट, मोडक्या खाटेचा पाय, असली कामं. पूर्वी ती करवत, रंधा आणि पटाशीवर व्हायची. आता चार इंची कटर, ड्रिल आणि राऊटर घरोघर पोचले आहेत. कटर लाकडात शिरला की कानाशी आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडचे कारखान्यांचे नियम आठ तासांना 90 डेसिबल ही मर्यादा धरतात. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था 85 धरते, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने 100 डेसिबलला दिवसाची 15 मिनिटं मिळतात, 103 ला साडेसातच. घरच्या ओसरीवर कारखान्याचा नियम चालत नाही, पण कान तर तेच आहेत. टिनाच्या भिंतींवरून आवाज उलटून येतो, म्हणून जमेल तेव्हा मशीन अंगणात काढावं.

अशा आवाजाने होणारं नुकसान बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या पट्टीत सुरू होतं. आतल्या कानात सुमारे 15 हजार केसपेशी असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. डोळस माणसाला आधी ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट ऐकू येईनासे होतात. अंध माणसाचं याहून बरंच काही जातं. काठीच्या टकटकीचा भिंतीवरून येणारा पडसाद, उघडं दार आणि बंद दार यांतला फरक, रस्त्यावरची मोटार कुठल्या बाजूने येते आहे याचा अंदाज, या सगळ्यांत वरच्या पट्टीचा वाटा मोठा असतो. म्हणून ‘मला ऐकूनच काम करावं लागतं, मी काही घालणार नाही’ असं म्हणणाऱ्याची अडचण मला पूर्ण पटते. त्याचा निर्णय मात्र पटत नाही. आज जो कान पातं सांभाळतो, तोच उद्या बाजारात वाट दाखवणार असतो.

यावरचा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इअरमफ. दिसायला साध्यासारखाच, पण दोन्ही वाट्यांवर बाहेरून माइक आणि आत छोटे स्पीकर. बाहेर शांत असेल तेव्हा तो बोलणं, पावलं, गळून पडलेला स्क्रू हे सगळं आत पोचवतो, हवं तर थोडं मोठं करून. बाहेरचा आवाज वाढला की स्पीकरचा आवाज साधारण 82 डेसिबलवर रोखला जातो. बटण सोडल्यावर पात्याचा आवाज उतरत गेला की माइक पुन्हा मोकळे होतात आणि ती शेवटची सळसळ कानात येते. मोटारीची पट्टीही कळते. हातातल्या कटरची मोटार लाकूड घट्ट लागलं की मंदावते, आवाज खाली उतरतो, आणि आपण जोर जास्त देतो आहोत हे उमगतं. आवाज दाबला तरी त्याची पट्टी बदलत नाही.

घेताना फसगत दोन ठिकाणी होते. काही स्वस्त इअरमफ मोठा आवाज आला की स्पीकर पूर्ण बंदच करतात. ते बंदुकीच्या एका बारासाठी ठीक, सलग चालणाऱ्या कटरसाठी नाही. काहींत एकाच माइकचा आवाज दोन्ही कानांत जातो. बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोचतो, आणि मेंदू त्या फरकावरून दिशा ओळखतो. एक माइक असला की ती दिशाच पुसली जाते. खोक्यावर ईएन 352-4 हा मानक क्रमांक आहे का ते कुणाकडून वाचून घ्यावं. गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन ही वेगळी वस्तू. ते विमानासारखी जाड घरघर कापतात, पात्याच्या किंकाळीपुढे त्यांचा निभाव लागत नाही.

या इअरमफला काही हजार रुपये पडतात. डोळस सुताराने चैन म्हटलं तर म्हणू द्यावं. अंध सुताराच्या घरात मी कटरच्या आधी हा घ्यायला सांगेन. ‘आंधळ्याने मशीनला हात लावू नये’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना जॉर्ज वुर्ट्झल यांच्याबद्दल जरूर सांगा. स्वतः अंध असून त्यांनी कॅलिफोर्नियात नापा इथल्या एन्चान्टेड हिल्स शिबिरात अंधांना सुतारकाम शिकवलं, यंत्रांसकट.

आपल्याकडच्या उन्हाचीही एक अडचण आहे. दुपट्टा कानावरून गुंडाळून त्यावर इअरमफ चढवला तर गादी कानाभोवती बसतच नाही आणि आवाज फटीतून आत शिरतो. काळ्या चष्म्याच्या जाड काडीने तेच होतं. दुपट्टा मानेवर घ्या, चष्मा बारीक काडीचा घ्या. दिसत नसलं तरी डोळे झाकायचेच, हे तिसऱ्या भागात सांगितलं होतं.

मशीनला हात लावण्याआधी नवा इअरमफ अंगणात घालून बसा. घरच्या कुणाला तरी वेगवेगळ्या बाजूंनी टाळी वाजवायला सांगा आणि दिशेला बोट दाखवा. डावं-उजवं बहुतेक बरोबर येईल. पुढचं-मागचं चुकेल, कारण ते ओळखायला मदत करणारी कानाची पाळी आता वाटीखाली आहे. मान थोडी वळवून पुन्हा ऐकलं की उलगडतं. मशीन चालू असताना मात्र मागून हात लावायचा नाही, हे घरातल्या लहानांनाही पक्कं सांगून ठेवा.

वीज गेली तर? मशीन गप्प होतं, बटण मात्र अडकवलेलं राहू शकतं, आणि वीज आली की पातं एकदम सुरू होतं. म्हणून आवाज अचानक तुटला की आधी बटण चाचपून बंद करा, मग प्लग काढा, इअरमफ त्यानंतर. त्याचे सेल संपले तरी घाबरायचं कारण नाही, तो साध्या इअरमफसारखा आवाज अडवत राहतो. फक्त शेवटची सळसळ ऐकू येणार नाही, तेव्हा नवे सेल घालेपर्यंत काम थांबवा.

पुढच्या भागात भुसा : नाकातोंडात जाणारा, आणि बोटांखालची खूण बुजवणारा.