वाट न मोजणारं माप

सकाळी विरारहून चर्चगेटला गेलेला माणूस रात्री विरारला परततो, तेव्हा लोकलने त्याला सुमारे १२० किलोमीटर फिरवलेलं असतं. भौतिकशास्त्राच्या लेखी त्याचं विस्थापन शून्य. विस्थापन म्हणजे निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर आणि दिशा. मधली वळणं त्यात धरतच नाहीत. चेंडूचा किंवा ग्रहाचा वेग मांडायला हे माप फार उपयोगी आहे.

मनाच्या अभ्यासातल्या विस्थापनात मात्र सगळं लक्ष मधल्या वाटेवर. साहेबापुढे गप्प बसलेला माणूस घरी मुलावर खेकसतो. वड्याचं तेल वांग्यावर काढणं ते हेच. सिग्मंड फ्रॉइडने भावनेचं हे स्थलांतर स्वप्नांतही ओळखलं. मुलावर निघालेला राग समजून घ्यायचा, तर तो कुठून आणि का वळला हे शोधावंच लागतं.

प्राण्यांमध्ये अशा विस्थापनाचं वळण डोळ्यांनी दिसतं. झुंजणारे दोन कोंबडे मध्येच थांबून जमिनीवर चोची मारू लागतात, जणू दाणे टिपताहेत. निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक माशाचे नर पाहिले. दोघांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे हल्ला करावा की पळावं, अशी ओढाताण होते, आणि मासा डोकं खाली करून घरटं बांधताना उकरतो तशी वाळू उकरू लागतो. दोन प्रेरणा एकमेकींना अडवतात आणि तिसरीच कृती बाहेर पडते, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. प्राणिवर्तनावरच्या कामासाठी १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आणि माणसांचं विस्थापन? मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली आणि धरणग्रस्त रायगड, सोलापूरपर्यंत पांगले. सरकारी कागद त्यांना भौतिकशास्त्राच्या मापाने मोजतो: गाव कुठलं, वसाहत कुठली. सुटलेलं शेत, दुरावलेली भावकी, हक्काच्या जमिनीसाठी कचेरीत घातलेले हेलपाटे त्या दोन नोंदींच्या मध्ये राहतात. चेंडूसाठी बनवलेलं माप माणसाला लावणं चूकच आहे. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा मात्र महाराष्ट्रात आला तो १९७६ मध्ये.