रोजच्या लहान सुखांचें ऋण

मनुष्यास सुख कशानें होतें, असा प्रश्न केला असतां सामान्यतः मोठमोठ्या गोष्टींचीं नांवें पुढें येतात. धन, मान, स्वतःचें घर, मुलाबाळांचा उत्कर्ष, हीं सुखाचीं साधनें म्हणून सांगितलीं जातात, आणि तें खोटेंही नाहीं. परंतु एखाद्या साध्या गृहस्थाच्या एका दिवसाचा बारकाईनें झाडा घेतला, तर असें दिसून येईल कीं, त्या दिवशीं त्यास लाभलेल्या समाधानाचा मोठा भाग फार लहान वस्तूंनीं दिलेला असतो. उन्हांतून आल्यावर माठांतील पाण्याचा पहिला पेला, दिवे गेले असतां अंधारांत हातास लागलेली आगपेटी, वर्तमानपत्रांतील बारीक अक्षर स्पष्ट करून दाखविणारा चष्मा, हीं सुखें घडीघडीस मिळतात. पण त्यांची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं.

असें कां व्हावें? याचें कारण सवय. उदबत्ती लावलेल्या खोलींत बाहेरून येणारास सुवास येतो. आंत बसलेल्यास कांहीं वेळानें तो जाणवेनासा होतो. बोटांत घातलेल्या अंगठीचा स्पर्श पहिल्या दिवशीं कळतो, पुढें कळत नाहीं. हा इंद्रियांचा दोष नव्हे. सतत सारखी राहणारी संवेदना मागें टाकावी आणि नवीन घडणाऱ्या बदलाकडे लक्ष पुरवावें, ही शरीराच्या रक्षणासाठीं असलेली निसर्गाची सोयच आहे. मनाचेंही असेंच असतें. जी वस्तु रोज मिळते ती मनाच्या हिशेबांतून गळून पडते, व जी मिळत नाहीं तिचीच टोंचणी राहते. म्हणून सर्व कांहीं असूनही मनुष्य पुष्कळदां असमाधानी दिसतो.

ही सवय थोडीफार मोडतां येते. अमेरिकेंतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलफ या मानसशास्त्रज्ञांनीं २००३ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांस दहा आठवडे, दर आठवड्यास, ज्यांविषयीं कृतज्ञता वाटली अशा पांचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितलें; दुसऱ्या गटास त्रासाच्या गोष्टी लिहावयास सांगितलें; आणि तिसऱ्यास केवळ घडलेल्या घटना. अखेरीस पहिल्या गटांतील मंडळींस आपलें जीवन इतरांपेक्षां अधिक समाधानाचें वाटत असल्याचें आढळलें. तेव्हां लहान सुखांची आठवण ठेवणें ही केवळ भाविकांची कल्पना नव्हे. मात्र नुसती यादी केल्यानें काम संपत नाहीं. जी वस्तु कशी घडली, कोणाच्या हातून घडली, हें ठाऊकच नाहीं, तिच्याबद्दल आभार मानावयाचे तरी कोणाचे? यासाठीं वर सांगितलेल्या तीन वस्तू जरा जवळून पाहणें इष्ट आहे.

प्रथम माठ. वैशाखांतील दुपारीं पितळेच्या घागरींतील पाणी कोमट होतें, पण तिच्याशेजारीं ठेवलेल्या माठांतील पाणी गार असतें. कुंभार माती चाळतो, भिजवितो, तुडवितो, आणि तींत राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. भट्टींत मडकें भाजलें जातें तेव्हां लीद जळून जाते व तिच्या जागीं अतिसूक्ष्म पोकळ्या उरतात. या पोकळ्यांतून पाणी झिरपून माठाच्या बाहेरच्या अंगास येतें आणि तेथें त्याची वाफ होते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, व ती थोडीथोडकी नव्हे. उन्हाळ्यांतील साधारण तापमानास एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. ही उष्णता माठांत उरलेल्या पाण्यांतून घेतली जाते, म्हणून तें थंड होतें. दहा लिटर पाण्यांतून केवळ शंभर ग्रॅम पाणी अशा रीतीनें उडून गेलें, आणि बाहेरून उष्णता मुळींच आंत शिरली नाहीं असें मानलें, तर उरलेलें पाणी जवळजवळ सहा अंश सेल्सिअसनें उतरेल. व्यवहारांत बाहेरची ऊब सारखी आंत शिरत असते, म्हणून याहून अधिक पाणी उडावें लागतें. घाम वाळतांना अंगास जो गारवा वाटतो, तोही याच नियमाचा परिणाम होय.

हाच नियम ध्यानांत घेतला म्हणजे घरोघरच्या अनुभवांचा उलगडा होतो. विदर्भांतील कोरड्या हवेंत माठाचें पाणी बाहेरच्या हवेपेक्षां दहा अंशांहूनही अधिक थंड होऊं शकतें; कोंकणच्या किनाऱ्यावर मात्र तोच माठ निम्मेंही काम करीत नाहीं, कारण तेथील हवा आधींच दमट असल्यानें वाफ होण्यास वाव कमी मिळतो. माठ वाऱ्याच्या झुळुकेंत ठेवावा, त्याच्याखालीं ओली वाळू पसरावी, त्याच्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें, या आजीबाईंच्या सांगण्यांत पदार्थविज्ञानाचाच धडा आहे. जुना माठ पाणी गार करीनासा होतो, कारण पाण्यांतील क्षारांनीं त्याचीं छिद्रें बुजतात. कल्हईचें भांडें कितीही चकचकीत असलें तरी त्याचें पाणी असें निवत नाहीं, कारण त्यास छिद्रें नाहींत. जें मातीच्या भांड्याचें वैगुण्य म्हणून दाखविलें जाईल, तें त्याचें पाझरणें हाच त्याचा गुण आहे. आज पुष्कळ घरांत फ्रिज आले असले तरी, वीज गेलेल्या गांवांत हा मातीचा सेवक विनातक्रार काम करीत असतो. पूर्वजांनीं या सुखाची परतफेडही ठरवून ठेविली होती. अक्षय्यतृतीयेस उदककुंभाचें दान करावें, उन्हाळ्यांत वाटेवर पाणपोई घालावी, अशी रीत महाराष्ट्रांत चालत आली ती याचसाठीं. गार पाण्याचें सुख स्वतः घेऊन भागत नाहीं, तें वाटसरूपर्यंत पोंचवावयाचें असतें.

दुसरी वस्तु आगकाडी. ती घरांत नव्हती त्या काळीं विस्तव ही जपून ठेवण्याची ठेव होती. रात्रीं चुलींतील निखारे राखेखालीं झांकून ठेवावयाचे, सकाळीं ते फुंकून फुलवावयाचे, आणि विझलेच तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारीं विस्तव मागावयास जावयाचें. नाहीं तर गारगोटी, पोलाद व कापूस घेऊन चकमक झाडीत बसावयाचें. पावसाळ्यांतील ओल्या सकाळीं हें काम किती जिकिरीचें असेल, याची कल्पना सहज करतां येते. १८२६ सालीं इंग्लंडांतील स्टॉक्टन येथील जॉन वॉकर या औषधविक्रेत्यास घांसून पेटणारी काडी साधली, आणि पुढील वर्षापासून तो ती विकूं लागला. त्यानें आपल्या शोधाचे हक्क राखून ठेविले नाहींत. त्यानंतर थोड्याच वर्षांत काड्यांच्या टोंकास पांढरा फॉस्फरस लावण्याची पद्धति सुरू झाली. अशी काडी कोणत्याही खरबरीत जागीं घांसली कीं पेटे, व ती स्वस्तही पडे.

पण या स्वस्ताईची किंमत दुसरेंच कोणी मोजीत होतें. पांढऱ्या फॉस्फरसची वाफ कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या श्वासांत जाई. त्यामुळें दांत दुखावयास लागत, हिरड्यांत पू होई, आणि पुढें जबड्याचें हाडच कुजूं लागे. कित्येकांचा जबडा कापून काढावा लागे, व कित्येक दगावत. हें काम करणाऱ्यांत स्त्रिया व अल्पवयी मुली पुष्कळ असत. यांतील दुःखाची गोष्ट अशी कीं, उपाय अगोदरच सांपडलेला होता. स्वीडनच्या गुस्ताफ पाश यानें १८४४ सालींच निर्धोक काडीची युक्ति काढली होती, व पुढील दशकांत स्वीडनमधील यॉनशॉपिंग येथें लुंडस्ट्रॉम बंधूंनीं तशा काड्या मोठ्या प्रमाणावर बनविल्या होत्या. या युक्तींत काडीच्या टोंकास पोटॅशियम क्लोरेट असतें, आणि विषारी नसलेला तांबडा फॉस्फरस बारीक कांचेच्या पुडीसह पेटीच्या बाजूस लावलेला असतो. काडी बाजूवर ओढली म्हणजे घर्षणानें तांबड्या फॉस्फरसचा अगदीं अल्प अंश पेट घेतो व टोंक भडकतें. आग उत्पन्न करणारीं दोन द्रव्यें अशीं एकमेकांपासून दूर ठेविल्यामुळें ती काडी खिशांत आपोआप पेटत नाहीं, आणि ती करणाराचा जबडाही वांचतो.

असें असूनही जुनी काडी स्वस्त पडे, म्हणून अर्ध्या शतकाहून अधिक काळ तीच विकली गेली. १८८८ सालीं लंडनमधील आगपेटीच्या एका कारखान्यांतील सुमारे चौदाशें स्त्रियांनीं व मुलींनीं संप केला. अपुरें वेतन, क्षुल्लक कारणासाठीं होणारा दंड, आणि फॉस्फरसच्या धुरांतच बसून खावी लागणारी भाकरी, हीं त्यांचीं गाऱ्हाणीं होतीं. त्यांची कैफियत लोकांपुढें मांडणाऱ्या बाई म्हणजे पुढें हिंदुस्थानांत येऊन १९१७ सालीं काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविणाऱ्या ॲनी बेझंट. त्या संपाअंतीं जेवणासाठीं वेगळ्या खोलीची मागणी मान्य झाली. १९०६ सालीं बर्न येथें झालेल्या करारान्वयें अनेक राष्ट्रांनीं पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालण्याचें ठरविलें, आणि हिंदुस्थानांत तसा कायदा १९१३ सालीं झाला. आज देवापुढील निरांजन लावतांना काडी ओढली जाते, तेव्हां त्या ज्योतीमागें हा इतिहास उभा असतो. स्वस्त वस्तूचा उपभोग घेणाऱ्या लाखों घरांनीं तिची खरी किंमत वेळींच विचारली असती, तर कित्येक मुलींचे प्राण वांचले असते. कृतज्ञता ही केवळ गोड भावना नसून ती एक दक्षताही आहे, हें आगकाडी शिकविते.

तिसरी वस्तु चष्मा. वाचावयाच्या चष्म्यास मराठींत 'चाळिशी' हें नांव पडलें तें अगदीं सार्थ आहे. डोळ्यांतील भिंग लहानपणीं लवचिक असतें. जवळची वस्तु पाहतांना तें अधिक फुगीर होतें, दूरची पाहतांना चपटें होतें. वय वाढतां वाढतां तें ताठ होत जातें, आणि चाळिशीच्या सुमारास जवळ पाहण्यासाठीं हवें तितकें फुगत नाहीं. मग पोथी हात लांब करून धरावी लागते, आणि कांहीं दिवसांनीं हातही पुरेनासा होतो. हा रोग नव्हे. केंस पिकण्यासारखाच तो वयाचा धर्म आहे. डोळ्यांतील भिंगास न साधणारा फुगीरपणा बाहेरच्या बहिर्गोल कांचेनें पुरविला, कीं अक्षर पुन्हां जागेवर येतें.

ही युक्ति तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत निघाली. १३०६ सालीं फ्लॉरेन्स येथें जॉर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें प्रवचनांत सांगितलें कीं, ही कला सांपडून अद्याप वीस वर्षेंही झालीं नाहींत, ती जगांतील अत्यंत उपयुक्त कलांपैकीं एक आहे, आणि ती प्रथम साधणाऱ्या मनुष्यास आपण पाहिलें असून त्याच्याशीं बोललोंही आहों. त्या मनुष्याचें नांव मात्र त्यानें सांगितलें नाहीं, व तें आजही निश्चित कळलेलें नाहीं. ज्याच्यामुळें कोट्यवधि माणसांस उतारवयांत वाचन, लेखन, शिवण व हिशेब करतां येऊं लागले, त्याचे आभार नांवानें मानण्याची सोय इतिहासानें ठेविली नाहीं.

पण हें सुख अद्याप सर्वांस मिळालेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या दृष्टिविषयक अहवालाप्रमाणें, चाळिशीचा चष्मा हवा असून तो न मिळालेलीं माणसें जगांत ऐशीं कोटींहून अधिक होतीं. यांत शिंपी आहेत, विणकर आहेत, तांदूळ निवडणाऱ्या बाया आहेत. त्यांचे हात शाबूत असतात, कौशल्य मुरलेलें असतें, पण टांका दिसत नाहीं म्हणून काम सुटतें. आसामांतील चहाच्या मळ्यांतील चाळिशीपुढील मजुरांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस साधे चष्मे दिले, त्यांची पानें खुडण्याची गति चष्मे न दिलेल्यांच्या मानानें सुमारे २२ टक्क्यांनीं अधिक वाढली. हें लक्षांत घेतलें म्हणजे दोन कांचांचें मोल कळतें.

याप्रमाणें तीन लहान वस्तूंनीं तीन प्रकारचें ऋण दाखवून दिलें. माठ हा निसर्गाच्या नियमाचें व कारागिराच्या हाताचें ऋण दाखवितो. आगकाडी ही ज्यांनीं सोसलें त्यांचें ऋण दाखविते. चष्मा हा ज्यांस अजून मिळालेलें नाहीं त्यांच्याकडे बोट दाखवितो. ऋण मान्य करण्याची रीति महाराष्ट्रास नवीन नाहीं. पोळ्यास बैलाच्या खांद्याला हळद व लोणी लावतात, खंडेनवमीस कारागीर आपलीं हत्यारें पुजतो. वर्षाकांठीं एकदां होणारें हें स्मरण चांगलेंच आहे. पण रोजच्या सुखास रोजचेंच स्मरण शोभतें, आणि त्यास ना मुहूर्त लागतो ना खर्च.

अशा स्मरणानें सुख कमी होत नाहीं, उलट वाढतें. माठाची घडण ज्यास समजली, त्यास तेंच पाणी अधिक गोड लागतें. आणि घरांतील वडील माणसानें चाळिशी डोळ्यांवर चढविली, म्हणजे शेजारपाजारीं सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं म्हणून शिवण बाजूस ठेवून बसलेलें कोणी आहे काय, एवढें एकदां विचारावें. असेल तर त्यास डोळे तपासणाराकडे घेऊन जावें. चष्म्याचे आभार मानण्याची याहून सोपी रीति नाहीं.