स्कॅनमध्ये सूज दिसली, पण कारण कोणतं?

मैत्रिणींनो, घरातलं एखादं माणूस दोन-चार महिन्यांत वाळत जातं. बारीक ताप, उठलं की चक्कर, अंगात त्राण नाही, तोंड-हात काळवंडलेले. सोनोग्राफी केली की रिपोर्टात येतं, 'दोन्ही अॅड्रिनल ग्रंथी वाढल्या आहेत.' कुणीतरी कॅन्सर म्हणतं आणि घर हादरतं. पण थांबा, आधी नीट समजून घेऊ.

अॅड्रिनल म्हणजे किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी. एकेक जेमतेम ४-५ ग्रॅमची. रक्तदाब आणि अंगातलं मीठ-पाणी सांभाळायला त्यांचा हातभार असतो. त्या कॅन्सरने सुजतात, टीबीने सुजतात, तशा बुरशीनेही सुजतात. हिस्टोप्लाझ्मोसिस हा असाच बुरशीचा आजार. पक्ष्यांची किंवा वटवाघळांची विष्ठा मिसळलेल्या मातीत ही बुरशी वाढते आणि धुळीबरोबर श्वासातून आत जाते. माणसाकडून माणसाला ती लागत नाही. आपल्या देशात तिची पहिली नोंद १९५४ साली कोलकात्यात झाली.

सीटी स्कॅन करताना शिरेतून औषध देतात. मग बऱ्याचदा सुजलेल्या ग्रंथीची कड उजळ आणि मधला भाग काळपट दिसतो. पण टीबीतही चित्र असंच दिसू शकतं. नुसत्या फोटोवरून कारण पक्कं होत नाही. म्हणून स्कॅनवर बघत बघत सुईने ग्रंथीचा नमुना काढतात आणि त्यात टीबी, कॅन्सर की बुरशी ते शोधतात. त्याआधी रक्ताची किंवा लघवीची एक तपासणी सांगतात, ती टाळू नका. एका प्रकारच्या गाठीला सुई लागली तर रक्तदाब एकदम भडकतो.

डॉक्टरांना हे जरूर विचारा:
- सुईची तपासणी करणार का? त्यात बुरशीही बघणार ना?
- रक्तातलं कॉर्टिसोल तपासलं का?
- पेशंटला शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर स्कॅनआधीच सांगा.

बुरशीच निघाली तर औषध आहे, पण ते बहुधा वर्षभर चालतं. ग्रंथीचं काम मंदावलं असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, कधीकधी जन्मभर. बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं.

स्कॅनच्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा, पुढच्या तपासणीत तुलनेला लागतात. आणि ताई, हे पान गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.