मोगऱ्याची छाटणी

मोगऱ्याच्या झुडपावरील जुन्या, वाळलेल्या व दाटी करणाऱ्या फांद्या हिवाळ्याच्या अखेरीस, नवी पालवी फुटण्यापूर्वी कापणे म्हणजे मोगऱ्याची छाटणी होय. मोगऱ्याला फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात. त्यामुळे उन्हाळ्यातील बहर छाटणीच्या वेळेवर व प्रमाणावर अवलंबून असतो. महाराष्ट्रात ही छाटणी बहुधा डिसेंबर-जानेवारीत केली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाटसारख्या गावांत मात्र छाटणीचा निर्णय पाण्याशीही बांधलेला असतो, कारण छाटलेल्या झुडपाला नेमके फेब्रुवारी ते मे या टंचाईच्या महिन्यांत नियमित पाणी लागते.

वनस्पती व तिची वाढ

मोगरा हे पारिजातकाच्या कुळातील झुडूप असून जाई, जुई, सायली व कुंद ही त्याच्याच प्रजातीतील भावंडे आहेत. कार्ल लिनीयस याने १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करताना त्याला पारिजातकाच्या प्रजातीत घातले होते. १७८९ मध्ये विल्यम एटन याने ते जॅस्मिनम प्रजातीत आणले व ‘जॅस्मिनम सॅम्बॅक’ हे आजचे नाव रूढ झाले. फिलिपिन्सने १९३४ मध्ये याच फुलाला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. बागांतून एकेरी पाकळ्यांचा साधा मोगरा, भरगच्च पाकळ्यांचा बटमोगरा, मोतिया, मदनबाण असे प्रकार आढळतात. छाटणीचे तत्त्व सर्वांना सारखेच लागू पडते.

मोगऱ्याला न छाटता वाढू दिले तर फांद्या लांबत जातात, वाकतात आणि जवळच्या आधारावर रेलतात. ज्ञानेश्वरांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात मोगऱ्याच्या रोपाला वेलाचे रूप दिलेले आहे, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अगदीच गैर नाही. पण असे वाढलेले झुडूप बुंध्याशी काष्ठमय व उघडे होते. पाने व फुले फक्त टोकांशी उरतात, आतील फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या वाळू लागतात.

छाटणीने फुले का वाढतात

फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली उतरत जाते आणि पानांच्या बगलेतील डोळ्यांना सुप्त ठेवते. शेंडा कापला की हा धाक संपतो व खालचे डोळे फुटू लागतात.

मोगऱ्याच्या बाबतीत येथे एक सोपा हिशेब आहे. त्याची पाने बहुधा समोरासमोर जोडीने येतात, म्हणून प्रत्येक पेराला दोन डोळे असतात. पेराच्या वर काप घेतला, की एका टोकाची साधारणतः दोन टोके होतात. ती थोडी वाढल्यावर पुन्हा खुडली तर चार. प्रत्येक टोकाशी बहुधा तीन कळ्यांचा झुबका येतो व त्यातील मधली कळी आधी उमलते. अर्थात टोके जितकी अधिक, तितके झुबके अधिक. मात्र हा हिशेब अमर्याद ताणता येत नाही. मुळांनी पुरवलेल्या अन्नपाण्यात जेवढी टोके पोसली जातील तेवढीच फुलतात. बाकीची बारीक व वांझ राहतात. म्हणून शेंडे वाढवणे आणि दाटी कमी करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

ताण व हंगाम

मोगऱ्याची छाटणी आणि पाण्याचा ताण यांचा एकत्रित विचार करावा लागतो. संत्रा बागायतदार बहार धरताना पाणी तोडून झाडाला विश्रांती देतात, तोच प्रकार येथे लहान प्रमाणावर होतो. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरपासून पाणी कमी करत आणले जाते. डिसेंबरात पाने पिवळी पडून काही गळतात. हे रोगाचे लक्षण समजून घाबऱ्याघाबऱ्या पाणी घातल्यास झुडूप अवेळी पालवते आणि थंडीत ती पालवी नुसतीच खुरटत बसते.

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असा भेद बोलण्यात नेहमी येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार म्हणजे घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा घाटाखालचा सखल व अधिक उष्ण भाग. देऊळघाट हे घाटावरचे गाव, पैनगंगेच्या खोऱ्यातले. पठारावर जानेवारीच्या रात्री थंड असतात, त्यामुळे येथे संक्रांतीच्या सुमारास, थंडीचा जोर ओसरू लागल्यावर छाटणी करणे सोयीचे ठरते. घाटाखाली ती थोडी आधी उरकता येते. छाटणीनंतर आळे मोकळे करून शेणखत घालतात व पहिले पाणी हलके देतात. पालवी दिसू लागल्यावर पाणी वाढवतात. मार्चच्या सुमारास कळ्या धरू लागतात आणि एप्रिल-मे हा मुख्य बहराचा काळ असतो.

पाणी कमी असेल तर

भरपूर छाटून पाणी पुरवता न येणे हे मुळीच न छाटण्यापेक्षा वाईट. छाटलेल्या झुडपावर कोवळी पालवी एकदम येते आणि तिचे बाष्पोत्सर्जनही मोठे असते. एप्रिलमध्ये पाणी तुटले तर कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. अंगणात पाच झुडपे असून मेपर्यंत दोघांपुरतेच पाणी निघणार असेल, तर दोनच झुडपे पूर्ण छाटावीत आणि उरलेल्यांचे केवळ वाळलेले लाकूड काढावे. अशी झुडपे उन्हाळ्यात फुलणार नाहीत किंवा थोडीच फुलतील, पण मरणार नाहीत. पहिल्या पावसानंतर ती पुन्हा पालवतात. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. भाजी-धान्य धुतलेले पाणी चालते. साबणाचे पाणी मात्र टाळावे, विशेषतः चुनखडीच्या काळ्या जमिनीत. अशा जमिनीत मोगऱ्याला लोह कमी पडते व पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. त्यावर लिटरमागे ५ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारतात.

पद्धत

प्रथम वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुंध्यापासून काढतात. नंतर उरलेल्या सशक्त फांद्या जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर कापतात. बरीच वर्षे न छाटलेल्या झुडपावर हा घाव एकदम घालू नये. दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या जमिनीलगत काढत गेल्यास तीन वर्षांत ते नवे होते.

गुलाबाची फांदी बाहेरच्या डोळ्यावर तिरकी कापावी असे बागकामात शिकवले जाते व बरेच जण तोच नियम मोगऱ्यालाही लावतात. गुलाबाला पेरागणिक एक डोळा असतो, मोगऱ्याला दोन. तिरका काप घेतला तर जोडीतील एका डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून मोगऱ्याचा काप पेराच्या किंचित वर व सरळ घ्यावा. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी चेंगरते आणि जखम भरत नाही.

जाड कापांना बोर्डो मलम लावतात. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात ते एकत्र करतात. मिश्रणात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा; त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला आहे असे समजून आणखी घालावा. रोगट व किडक्या फांद्या झुडपाखाली पडू देऊ नयेत.

उन्हाळ्यातही छाटणी पूर्ण थांबत नाही. झुबका सुकला की त्याखालील एक-दोन पेरे खुडल्यास नवी टोके फुटून पुढचा बहर येतो. पावसाळा लागल्यावर हे खुडणे बंद करतात.

इतर फुलझाडे

मोगऱ्याबरोबर कात्री हाती आहे म्हणून शेजारचा कुंदही छाटणे, ही अंगणातील नेहमीची चूक आहे. कुंद हिवाळ्यातच फुलतो. जानेवारीत त्यावर कात्री चालवणे म्हणजे फुले व कळ्या कापणे. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर करतात. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, बहुधा ऑक्टोबरात होते. जास्वंद व रातराणी ही नव्या वाढीवर फुलणारी असल्याने त्यांना मोगऱ्याचेच तत्त्व लागू पडते.

छाटलेल्या निरोगी, अर्धपक्व फांद्यांची तीन-चार पेरांची छाटे लावून रोपे करता येतात. भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही, त्यामुळे त्याची लागवड छाट कलमाने किंवा दाब कलमानेच होते. जानेवारीतील छाटे सावलीत व सतत ओलसर ठेवावी लागतात. पावसाळ्यात लावलेली अधिक सहज मुळे धरतात.